शनिवार पेठेतील जुना वाडा विक्रीस आहे : घेण्यापूर्वी काय काय पाहावे?

ओसरी (मूळ प्रश्न)

नमस्कार. आम्ही दोघे गेली अठरा वर्षे चिंचवडला सदनिकेत राहत आहोत. माझे आजोळ सदाशिव पेठेतील एका वाड्यात होते. तो वाडा मी शाळेत असतानाच पाडला गेला, आणि तेव्हापासून पेठेत पुन्हा राहायला जावे ही इच्छा मनात आहे. गेल्या महिन्यात शनिवार पेठेत, ओंकारेश्वराच्या बाजूला, एक वाडा विक्रीस असल्याचे कळले आणि आम्ही तो दोनदा पाहून आलो.

वाडा मोठ्या सरदाराचा नाही, मध्यमच आहे. रस्त्याकडची बाजू अरुंद असून जागा आत लांबवर गेली आहे. दिंडी दरवाजा, देवडी, मग एक चौक, चौकाच्या तीन बाजूंना सोपे (उघड्या ओसऱ्या), वर एक मजला आणि त्यावर पोटमाळा अशी रचना आहे. चौकाकडे तोंड करून सुरूचे, म्हणजे सुरूच्या झाडासारख्या घडणीचे, पाच लाकडी खांब उभे आहेत. त्यांच्यामधल्या महिरपी आणि महिरपींखाली लोंबणारी केळफुले शाबूत आहेत. माजघराच्या भिंतीत धान्याचे बळद आहे आणि वर जाणारा जिनाही भिंतीच्या जाडीतच बसवलेला आहे. दिंडीतून वाकून आत गेल्यावर उजव्या हाताला अडणा सरकवण्याचे भोक दिसते. लाकूड वर्षानुवर्षे आत-बाहेर सरकल्याने त्या भोकाच्या कडा इतक्या गुळगुळीत झाल्या आहेत की मी तिथे बराच वेळ नुसता हात ठेवून उभी राहिले.

मध्यस्थाचे म्हणणे असे की किंमत जागेची आहे, बांधकामाची काहीच नाही. खांब आणि महिरपी उतरवून विकल्या तर आमचा बराचसा खर्च निघेल. ते ऐकून मला फार वाईट वाटले. आम्हाला वाडा पाडायचा नाही, त्यात राहायचे आहे. मात्र केवळ प्रेमापोटी एवढा व्यवहार करू नये, हेही आम्हाला समजते. वाड्याला सात वारस आहेत. दर्शनी गाळ्यात घड्याळ दुरुस्तीचे दुकान आहे आणि वरच्या दोन खोल्यांत एक वयस्कर बाई भाड्याने राहतात.

माझे प्रश्न असे आहेत. हे काम खरोखर पेशवाईतले आहे की नंतरचे, हे कशावरून ओळखावे? वाडा अजून किती टिकेल हे कुणाला दाखवावे? चौकातला हौद कात्रजच्या नळाचा आहे असे सांगतात, ते शक्य आहे का? आणि कायद्याच्या बाजूने काय काय तपासावे? जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

घाणीचा चुना (प्रतिसाद)

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे काम करतो, म्हणून आपल्या पहिल्या तीन प्रश्नांपुरते लिहितो.

सुरूचे खांब पाहून काळ ठरवू नये. उत्तर पेशवाईत ही घडण फार लोकप्रिय होती, आणि दुसऱ्या बाजीरावाने १८०७ साली बांधलेल्या विश्रामबागवाड्याच्या दर्शनी बाजूला तिचा उत्तम नमुना आजही रस्त्यावरून दिसतो. परंतु पेशवाई गेल्यावर सुतार काही गेले नाहीत. तेच हात आणि त्यांची मुले पुढे अनेक दशके तेच खांब घडवत राहिली. त्यामुळे खांबाच्या आकारापेक्षा त्याच्या अंगावरच्या खुणा पाहाव्यात. पोटमाळ्यावर विजेरी घेऊन जा आणि तुळयांची, म्हणजे कुणाला दिसणार नाही अशा लाकडाची, बाजू तिरक्या उजेडात पाहा. वाकसाने, म्हणजे सुताराच्या तासणीच्या हत्याराने, तासलेल्या लाकडावर उथळ, ओंजळीसारखे घाव दिसतात. यंत्राच्या करवतीने कापलेल्या लाकडावर सारख्या अंतराच्या समांतर रेघा असतात. सांध्यांत लाकडी खुंट्या आहेत की लोखंडी खिळे, आणि खिळे असतील तर ते लोहाराने ठोकलेले चौकोनी आहेत की तारेचे गोल, हेही तिथेच कळते.

छपराचा हिशेब वेगळा. मंगळूरला बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली, तेव्हा आपल्या वाड्यावर मंगलोरी कौले असतील तर ते छप्पर त्यानंतरचे आहे, त्यापूर्वी तिथे नळीची कौले असणार. वरच्या मजल्याला बिडाचे नक्षीदार कठडे किंवा रंगीत काचा असतील तर तेही बहुधा बोरघाटातून रेल्वे सलग सुरू झाल्यानंतरचे, म्हणजे १८६३ नंतरचे मानावे. यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही. पुण्यातला जवळपास कोणताही राहता वाडा एका काळाचा नसतो. पाया एका पिढीचा, मजला दुसऱ्या पिढीचा आणि छप्पर तिसऱ्या पिढीचे, असेच तो वाढत आलेला असतो, आणि माझ्या मते या सर्व थरांना मूळच मानले पाहिजे.

आता टिकण्याविषयी. वाड्याचा भार प्रामुख्याने लाकडी सांगाडा पेलतो. घडीव दगडाचे जोते, त्यावर खालच्या मजल्याला चुन्यातल्या पक्क्या विटा, आणि वर बहुतेक ठिकाणी पांढऱ्या मातीचे भेंडे, म्हणजे न भाजलेल्या कच्च्या विटा, अशी भिंत असते. भेंड्यांची भिंत पाण्यापुढे टिकत नाही, म्हणून वाड्याचे आयुष्य ठरते ते छपरावर आणि पन्हळींवर. खांब तळखड्यावर, म्हणजे खालच्या दगडी बैठकीवर, बसतो तिथे आणि तुळईचे टोक भिंतीत शिरते तिथे, या दोन जागा सर्वांत आधी पाहाव्यात. तुळई मधोमध कितीही ठणठणीत दिसली तरी तिचे भिंतीतले वीतभर टोक कुजलेले असू शकते. जाड दाभण घेऊन टोकाजवळ टोचून पाहा. चांगले सागवान दाभण आत घेत नाही. कुजलेल्या लाकडात ते लोण्यात शिरावे तसे शिरते. वरच्या मजल्यावर नंतर काढलेली मोरी किंवा न्हाणीघर कुठे आहे ते शोधा आणि त्याच्या बरोबर खालचा कडीपाट, म्हणजे लाकडी तक्तपोशी, पाहा. मी उघडलेल्या दहा वाड्यांपैकी नऊ वाड्यांत पहिले दुखणे तिथेच सापडले आहे.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. चुन्याच्या जुन्या भिंतीला कुणी सिमेंटचा गिलावा केला असेल तर तो शोभेचा प्रश्न समजू नका. चुना ओल आत घेतो आणि बाहेरही सोडतो. सिमेंट ती कोंडून ठेवते, मग ओल वर वर चढत जाते, गिलाव्यामागे लोणा, म्हणजे क्षारांची पांढरी भुकटी, लागतो आणि भिंत आतून भुसभुशीत होते. तो गिलावा काढून पुन्हा चुन्याचाच करावा लागेल. त्यासाठी कळीचा चुना आधी पुरेसे दिवस पाण्यात विरवून ठेवावा लागतो आणि मग वाळू किंवा विटांची भुकटी घालून घाणीत, म्हणजे चुना दळण्याच्या गोल चरात, मळावा लागतो. गूळ, हिरडा, बेलफळ यांचे पाणीही त्यात घालतात. हे काम जाणणारे गवंडी थोडे आहेत, पण आहेत. ते मिळेपर्यंत थांबण्याची तयारी ठेवा.

हौदाबद्दल. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून भुयारी नळाने पाणी शहरात आणले गेले, ते शनिवारवाड्यात आणि अनेक हौदांत खेळवले गेले, हे खरेच आहे. मात्र पेठेतला प्रत्येक हौद त्या नळावरचा असतो असे नाही. आपल्या हौदाच्या भिंतीत बाहेरून पाणी येण्याचे तोंड आणि भरून वाहिलेले पाणी जाण्याची वाट दोन्ही दिसतात का, ते पाहा. फक्त जाण्याची वाट असेल तर तो बहुधा आडातून शेंदून भरण्याचा हौद आहे.

मिळकतपत्रिका (प्रतिसाद)

मी दिवाणी वकिली करते. वर लिहिलेले सर्व पाहण्याआधी कागद पाहावेत असे माझे मत आहे, कारण कुजलेली तुळई बदलता येते, सदोष हक्क मात्र तसा बदलता येत नाही.

सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका प्रथम काढा आणि तिच्यावरची नावे आजच्या सात वारसांशी जुळवून पाहा. अनेकदा पत्रिकेवर आजोबांचेच नाव असते. प्रत्येक पिढीच्या मृत्यूनंतर वारस नोंद झाली आहे का, वाटणीपत्र आणि हक्कसोडपत्र नोंदणीकृत आहे का, हे एकेक करून तपासावे लागते. मुलींची लग्ने होऊन त्या सासरी गेल्या म्हणून त्यांची नावे घातली नाहीत, हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्मसिद्ध हक्क दिला, आणि दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. तेव्हा बहिणी आणि त्यांची मुले धरून सात वारस आहेत की त्यांना सोडून, हा आपला पहिला प्रश्न असला पाहिजे.

सातांपैकी पाच जण तयार आहेत, बाकीचे नंतर सह्या करतील, असे सांगून कुणी अविभक्त हिस्सा घेण्यास सुचवले तर ते मान्य करू नका. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा विकत घेणाऱ्या परक्या माणसाला सामाईक ताबा मागता येत नाही. आपल्याला तिथे राहायचे असल्याने हे कलम नेमके आपल्याच आड येईल.

भाडेकरूंचा विषय मी सर्वांत गंभीर मानते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे आणि त्याखालचे संरक्षण मालक बदलल्याने संपत नाही. खरेदीखत झाल्याच्या दिवशी आपण त्या दोघांच्या घरमालक व्हाल, एवढाच बदल होईल. स्वतःच्या गरजेसाठी जागा मागता येते, परंतु ती गरज प्रामाणिक आणि वाजवी असल्याचे सिद्ध करावे लागते, आणि जागा सोडल्याने भाडेकरूला होणारा त्रास अधिक आहे की ती न मिळाल्याने मालकाला होणारा, हेही न्यायालय तोलून पाहते. काही ठिकाणी जुना वाडा धोकादायक ठरवून महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ ची नोटीस यावी आणि वाडा उतरवला की भाडेकरूही जातील, अशा हिशेबाने छपराकडे मुद्दाम दुर्लक्ष केले जाते. हे माणुसकीला धरून नाही आणि कायद्यालाही धरून नाही; पालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या निकालात सांगितले आहे. आपल्या वाड्याला अशी नोटीस पूर्वी आली आहे का, हे क्षेत्रीय कार्यालयात लेखी विचारा.

शनिवारवाडा हे केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि पुढच्या २०० मीटरमध्ये राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी लागते. पहिल्या पट्ट्यात दुरुस्तीही विनापरवानगी करता येत नाही. आपल्याला पाडून बांधायचे नाही, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही; तरीही अधिकृत मोजणी करून अंतर लेखी घ्या. त्याचबरोबर वाडा महानगरपालिकेच्या वारसा यादीत आहे का आणि असल्यास कोणत्या श्रेणीत, हे वारसा कक्षात पाहा. पहिल्या श्रेणीत बदलाला जवळजवळ वाव नसतो, दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीत तो क्रमाने वाढत जातो.

मध्यस्थाने खांब विकण्याचा जो सल्ला दिला, त्याविषयी. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या, इमारतीपासून सुट्या केलेल्या वस्तूचाही समावेश होतो. अशा वस्तूंचा व्यापार करण्यास परवाना लागतो आणि त्या खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. विकणाऱ्यांनी ताबा देण्याआधीच खांब उतरवू नयेत म्हणून साठेखतात (खरेदीआधीच्या करारात) दरवाजा, खांब, महिरपी, बळदाचे झाकण, कड्या-कोयंडे यांची छायाचित्रांसह यादी जोडून घ्या.

पेठेतली माहेरवाशीण (प्रतिसाद)

ओसरीताई, माझे माहेर नारायण पेठेतले. आमचा वाडा २००३ साली विकला गेला आणि तो विकण्याच्या कागदावर माझीही सही आहे. त्या वेळी पैशांची गरज होती, छप्पर गळत होते आणि भावंडांत कुणालाच तिथे राहायचे नव्हते. विकासकाने दिलेला दर आम्हाला चांगला वाटला. वाडा उतरवताना मी गेले नव्हते, पण दोन महिन्यांनी एका फर्निचरच्या दुकानात आमच्या देवघराची चौकट उभी करून ठेवलेली पाहिली. चौकटीच्या डाव्या बाजूला, खालून हातभर अंतरावर, आम्हा भावंडांची उंची मोजण्यासाठी आईने खिळ्याने काढलेल्या रेघा तशाच होत्या. किंमत विचारायचे धैर्य मला झाले नाही. आजही पेठेतून जाताना मी त्या गल्लीत शिरत नाही.

म्हणून आपला प्रश्न वाचून फार बरे वाटले. एक गोष्ट मात्र वरच्या दोघांनी लिहिलेली नाही. ओंकारेश्वराची बाजू म्हणजे नदीकाठ. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा त्या भागात पाणी घराघरांत शिरले होते, आणि मातीच्या भिंतींचे कितीतरी वाडे त्या दिवशी बसले. जे उभे राहिले त्यांच्या खालच्या मजल्याच्या भिंती पुढे अनेकांनी मिळेल त्या सामानाने पुन्हा बांधून घेतल्या. आमच्याकडे खालच्या माजघराची एक भिंत अशीच सिमेंटची झाली होती, आणि घाणीचा चुना यांनी म्हटल्याप्रमाणे लोणा लागला तो बरोबर तिथेच. तुमच्या वाड्यात पाणी कुठवर चढले होते हे त्या भाडेकरू बाईंना विचारा. त्या तिथे तेव्हापासून असतील तर त्यांना पायरीचा हिशेबसुद्धा आठवत असेल.

त्या बाईंशी बोलणे मध्यस्थावर सोपवू नका. तुम्ही स्वतः जा, चहा घ्या, आणि आम्हाला इथे राहायला यायचे आहे एवढे खरे सांगा. जुना भाडेकरू म्हणजे अडचण, असे धरून आम्ही चाललो आणि शेवटपर्यंत कुणाच्या तोंडाकडे पाहू शकलो नाही.

ओसरी

सर्वांचे मनापासून आभार. परवा संध्याकाळी वळीव पडला आणि काल सकाळी आम्ही मुद्दाम वाड्यावर गेलो.

वरच्या बाईंकडे दीड तास बसलो. त्या १९५८ साली लग्न होऊन या घरात आल्या. पुराच्या दिवशी पाणी भिंतीतल्या जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत आले होते, असे त्यांनी पायरीवर काठी टेकवून दाखवले. चौकाच्या उत्तरेकडची खालची भिंत पुरानंतर बांधली आहे आणि तिचा गिलावा सिमेंटचाच आहे. त्यावर हाताच्या उंचीपर्यंत पांढरी भुकटी आली आहे. बाकीच्या तीन भिंती जुन्या आहेत. बाईंना तिथून कुठेही जायचे नाही. त्या वरच्या दोन खोल्यांत राहिल्या तर आमची काही हरकत नाही, असे आम्ही दोघांनी घरी येऊन ठरवले. घड्याळवाल्या काकांनीही दुकान चालूच ठेवावे. आम्हाला उरलेली जागा पुरते.

हौदाला बाहेरून पाणी येण्याचे तोंड सापडले नाही, आणि मागच्या पडवीत फरशीखाली बुजवलेला आड आहे असे बाईंनी सांगितले. म्हणजे कात्रजच्या नळाची गोष्ट बहुधा खरी नाही.

पोटमाळ्यावर वाकसाचे घाव स्पष्ट दिसले. मात्र दक्षिणेकडच्या पन्हळीखाली दोन तुळयांच्या टोकांत दाभण मुठीपर्यंत आत गेले. वळवाचे पाणी अजून त्या टोकांवरून ठिबकत होते. बाकी अकरा टोके टणक लागली. वारसांचे म्हणाल तर सातांत दोन बहिणी धरलेल्या आहेत, पण तिसऱ्या, वारलेल्या बहिणीच्या मुलाला कुणी विचारलेलेच नाही. घरात मोडी लिपीतली तीन कागदपत्रे आहेत, ती कुणी वाचलेली नाहीत.

मिळकतपत्रिका

त्या भाच्याची संमती आणि सही असल्याशिवाय साठेखत करू नका, विसार तर मुळीच देऊ नका. मोडी कागद जाणकाराकडून देवनागरीत उतरवून घ्या. त्यात हद्दी, वहिवाटीचा बोळ किंवा शेजाऱ्याचा पाण्याचा हक्क लिहिलेला असू शकतो, आणि असे हक्क पेठेत आजही वादाला कारण होतात. भाडेकरूंना ठेवणार असाल तर त्यांच्याशी नव्याने लेखी करार करून जागेचे वर्णन, भाडे आणि दुरुस्तीच्या वेळची तात्पुरती सोय नमूद करा.

घाणीचा चुना

दोनच टोके गेली असतील तर तुळया बदलण्याची गरज नाही. कुजका भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत कापून त्याला जुन्या सागवानाचा जोड देता येतो. काम चालू असताना खालून टेकू देऊन भार उचलून धरावा लागतो, एवढेच. जोडासाठी नवे लाकूड घेण्यापेक्षा उतरवलेल्या वाड्याचे लाकूड घ्यावे. ते पुरते वाळलेले असते आणि पुढे पीळ खात नाही. उत्तरेच्या भिंतीचे काम पावसाळा संपल्यावर करा.

मात्र ठिबकणारे पाणी तोवर थांबू शकत नाही. व्यवहार व्हायला सहा महिने लागले तर संपूर्ण पावसाळा ती टोके भिजतील आणि दोनाची चार होतील. मालकांना सांगून मृगाआधी त्या बाजूची तरी शाकारणी, म्हणजे कौलांची डागडुजी, करून घ्या.

ओसरी

मोठ्या भावाशी आत्ताच दूरध्वनीवर बोलणे झाले. शाकारणीला त्यांची तयारी आहे, खर्च निम्मा आम्ही देऊ म्हटले. पण पेठेत हल्ली कौले चढवणारा माणूस मिळत नाही, असे ते म्हणाले. कुणाला माहीत आहे का?

घाणीचा चुना

माझ्याकडे मुळशीकडचे बाप-लेक आहेत, शनिवारी त्यांना घेऊन येतो. फुटलेल्या कौलांच्या जागी त्याच मापाची जुनी कौले लागतील, तेव्हा एक कौल उतरवून त्याच्या पाठीवरचा छाप आणि लांबी-रुंदी आजच कळवा. चौकात उभी राहील अशी वीस फुटी शिडी मात्र तुम्हीच पाहून ठेवा.